‘ख्रिस्तामध्ये’ म्हणजे नेमकं कुठे?

वाचकाचं पत्र

ताई, जय ख्रिस्त. मी मूळची नगरची, सध्या पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ड्यूटीवर मात्र मी ठीक असते. आमच्या सेल ग्रुपमध्ये, म्हणजे चर्चच्या छोट्या प्रार्थना-गटात, सध्या ‘ख्रिस्ताशी ऐक्य’ हा विषय चालू आहे. प्रत्येक जण अनुभव सांगतो, मला सांगायला काही नसतं. परवा ग्रुपमधली एक बहीण म्हणाली, “तू खरंच ख्रिस्तामध्ये असतीस तर तुला शांती असती.” योहानाच्या पंधराव्या अध्यायात फळ न देणारा फाटा काढून टाकतात, तो मीच का? शिवाय माझी रूममेट वारकरी घरातली आहे. तिला विषय सांगितला तर म्हणाली, “मग शेवटी आपलं एकच की गं, थेंब सागराला मिळाला.” मला उत्तर सुचलं नाही. पण ताई, मला सागरात मिळून जायचं नाहीये. मीच नाहीशी झाले तर पप्पांना ओळखणार कोण? पुढच्या महिन्यात त्यांचा स्मृतिदिन आहे, ग्रुपनं मला साक्ष द्यायला, म्हणजे विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय. पप्पांचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आहे. त्यात खुणेला एसटीची तिकिटं घातलेली आहेत. अजून उघडलेलं नाही. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर

जय ख्रिस्त, बाळ. वयानं तू माझ्या धाकट्या मुलीएवढी असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी त्या बहिणीचं वाक्य बाजूला काढू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचतंय. “ख्रिस्तामध्ये असतीस तर शांती असती.” तिच्या मनात वाईट नसेलही. पण ज्या माणसानं ‘ख्रिस्तामध्ये’ हा शब्द मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तोंडी बसवला, त्या पौलाला हे वाक्य दाखवलं असतं, तर तो काय म्हणाला असता याचा मी विचार करत होते.

पौल आपल्याला ‘ख्रिस्ती’ म्हणत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? नव्या करारात तो शब्द जेमतेम 3 वेळा येतो, आणि पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. त्याचा लाडका शब्द ‘ख्रिस्तामध्ये’. आणि पौल तो कसा वापरतो बघ. रोमच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात सलाम सांगताना अंद्रोनिक आणि युनिया यांच्याविषयी तो म्हणतो की हे दोघं माझ्याही आधीपासून ख्रिस्तामध्ये होते. चाळीतला माणूस सांगतो ना, “जोशी आमच्या आधीपासून इथं राहतात”, अगदी तसं. तिथं त्यांना काय वाटत होतं, अंगावर काटा आला का, डोळ्यांत पाणी आलं का, याची चौकशीच नाही. तो पत्ता सांगतोय.

बरं, पौलाला अनुभव नव्हते म्हणावं तर तसंही नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात, तो म्हणतो की ख्रिस्तामध्ये असलेला एक माणूस मला माहीत आहे, चौदा वर्षांपूर्वी त्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलून नेलं होतं. तो माणूस म्हणजे तो स्वतःच. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ती सांगतानाही संकोचानं, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखी. लगेच पुढे विषय येतो शरीरातल्या काट्याचा. तीनदा विनवून तो काटा निघाला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी चहा-बिस्किटांबरोबर गोल बसून अनुभव मांडणाऱ्या आपल्या ग्रुपांमध्ये पौलाला किती गुण मिळाले असते, कोण जाणे.

(मी सेल ग्रुपच्या विरोधात नाही. माझ्या पडत्या काळात अशाच एका ग्रुपनं माझ्या घरी महिनाभर डबा पोचवला होता. डबा देणारा ग्रुप आणि अनुभव मोजणारा ग्रुप यांत मला फरक वाटतो, एवढंच.)

ग्रुपमधल्या तुझ्या बहिणी कदाचित पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतील. खरं आहे, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. त्यांच्या आनंदावर मी पाणी ओतणार नाही. पण त्याच आठ वर्षांत, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना जवळ केलं. मग त्या काळात ख्रिस्त त्यांच्यापासून लांब होता म्हणायचं? मला नाही तसं म्हणवत. घरात असूनही बराच काळ घरमालकाचा चेहरा दिसत नाही, असंही होतं.

आता योहान 15, ‘मी द्राक्षवेल आहे, तुम्ही फाटे आहात’ असं येशू म्हणतो तो अध्याय. तुझी भीती तिथं आहे, म्हणून तिथं जरा बसू.

माझं सासर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. लग्न होऊन गेले तेव्हा मला वेल म्हणजे जाईचा किंवा कारल्याचा एवढंच माहीत. पहिल्याच एप्रिलात धाकट्या दिरानं बागेत नेलं, तर मी घाबरलेच. दोन महिन्यांपूर्वी घडांनी वाकलेली बाग, आणि आता तारेवर नुसते ओलांडे, म्हणजे वेलाचे आडवे हात, त्यावर बोटभर खुंट्या, आणि खाली काड्यांचा खच. वर ऊन मी म्हणतंय. मला वाटलं, बाग मोडली. दीर हसला. “वहिनी, ही खरड छाटणी. ऑक्टोबरात पुन्हा गोडी छाटणी. द्राक्षं त्यानंतर.”

मला खरी गंमत नंतर कळली. खरड छाटणीनंतर नवी फूट येते, तिची काडी होते, आणि छाटणीपासून साधारण दीड-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, पुढच्या हंगामाचे घड धरतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. शेतकरी त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. गोडी छाटणीच्या आधी पुष्कळ जण काड्या प्रयोगशाळेत देतात, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, की आत घड आहे का, कितव्या डोळ्यात आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला जूनमधला वेल म्हणजे पानांचं रान. त्या रानाकडे बघून “फळ कुठंय?” असं विचारणारा माणूस बागेतला नसतो.

तू म्हणशील, ताई, उपमा झाली, पण ‘काढून टाकतो’ असं लिहिलंय त्याचं काय? लिहिलंय. त्याला मी गोड मुलामा देणार नाही. पण ते वाक्य कोणाला आणि कधी सांगितलं ते बघ. शेवटच्या भोजनाची रात्र. यहूदा उठून बाहेर गेलाय, तेराव्या अध्यायात, ‘तेव्हा रात्र होती’. उरलेल्या अकरा जणांना येशू सांगतो की तुम्ही फाटे आहात, आणि त्याच्या जरा आधी सांगतो की तुम्ही शुद्ध झालेलेच आहात. मूळ ग्रीकमध्ये ‘काढून टाकतो’ आणि ‘साफ करतो’ ही दोन क्रियापदं कानाला जवळजवळ सारखी लागतात, आइरेइ आणि काथाइरेइ. ‘शुद्ध’ हा शब्दही त्या दुसऱ्याच्याच गोतातला. म्हणजे कात्री चालून गेलीय, आणि ती साफ करणारी होती, असं तो त्यांना सांगतोय. आणि हे अकरा जण कोण? पहाटे कोंबडा आरवायच्या आत त्यांतला एक तीनदा “मी त्याला ओळखत नाही” म्हणाला, बाकीचे पांगले. त्या रात्री त्यांच्यातल्या कुणालाही शांती वाटत होती असं शुभवर्तमान सांगत नाही. फाटे तेच होते.

तू मात्र जागची हलली नाहीस. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, पण बसतेस ना रोज? आणि तुझ्या पत्रात तू एक वाक्य टाकलंस आणि पुढे निघून गेलीस, ‘ड्यूटीवर मात्र मी ठीक असते’. त्या अध्यायात नवव्या वचनापासून पुढे वाच, फळाचा विषय प्रीतीवर येऊन थांबतो. रात्री तीन वाजता कुणाची तरी कूस बदलणारी, सलाइन संपत आलेलं बघणारी बाई मला विचारते की मी बिनफळाचा फाटा आहे का. काय सांगू तुला?

आणखी एक शब्द बघ, ‘राहा’. “तुम्ही माझ्यामध्ये राहा आणि मी तुमच्यामध्ये राहीन.” हेच ग्रीक क्रियापद योहानाच्या पहिल्या अध्यायात येतं. दोन शिष्य येशूच्या मागे चालत जातात, तो वळून विचारतो की काय शोधता, आणि ते बावरून भलताच प्रश्न विचारतात: “गुरुजी, आपण कोठे राहता?” तो म्हणतो, या म्हणजे पाहाल. ते गेले आणि त्या दिवशी त्याच्याकडे राहिले. मला हा प्रश्न फार आवडतो. किती साधा आहे! नवीन माणूस भेटला की आपणही तोच विचारतो. ते कुठे राहिले, काय जेवले, तो काय बोलला, योहान काहीच सांगत नाही. दुपारी चारच्या सुमाराची वेळ होती एवढी मात्र नोंद आहे. पुढे चौदा अध्यायांनी तोच येशू त्यांना सांगतो, आता माझ्यामध्येच राहा. मराठीत हा शब्द चांगला बसलाय. तू पुण्यात राहतेस. रात्रपाळी करून दिवसा झोपतेस तेव्हाही पुण्यातच राहतेस. नगरच्या आठवणीनं जीव कासावीस होतो तेव्हाही.

आता तुझी रूममेट. तिच्या बोलण्यात आपुलकी आहे, म्हणून तिला तोडून टाकू नकोस. पण “आपलं एकच” म्हटलं की तुझं पोट दुखतं, ते बरोबर दुखतं.

गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायातलं विसावं वचन तुला पाठ असेल. “यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो.” इथंच थांबलं तर तुझ्या रूममेटचं म्हणणं खरं वाटेल. मी विरघळलो, तोच उरला. ग्रुपमध्ये बहुतेक वेळा इथंच थांबतात. वचन मात्र पुढे चालू आहे. आता देहात जे माझं जगणं आहे ते देवाच्या पुत्रावरच्या विश्वासानं आहे, त्यानं माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्याकरता दिलं. माझं, माझ्यावर, माझ्याकरता. अर्ध्या वचनात गेलेला ‘मी’ उरलेल्या अर्ध्यात तीनदा परत आला. प्रीती करायची तर कुणावर तरी करावी लागते, बाळ. समोरचा उरलाच नाही तर प्रीती कुणावर?

हे तुझ्या रूममेटला परकं वाटायचं कारण नाही. तुकोबा तिच्याच घरातले. “अद्वैतीं तों माझें नाहीं समाधान” असं ते म्हणतात, त्यांना चरणांची सेवा गोड. “न लगे मुक्ति आणि संपदा” हे तर ती कीर्तनाच्या शेवटी उभी राहून म्हणत असेल. पुन्हा गर्भवासाला घाल, चालेल, पण तुझा विसर नको. तुकोबांचं आणि पौलाचं एकच आहे असं मी म्हणत नाही. वधस्तंभाशिवाय पौलाचं एक पान पुढे जात नाही. पण वेगळं उरण्याची ओढ तुझी एकटीची नाही, हे तिला त्यांच्याच तोंडून कळेल. रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः सांगत की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. ते तुझ्या नगरला कितीतरी वर्षं राहिले. ख्रिस्ताशी असलेल्या नात्यावर त्यांचं एक पद आहे, त्यात एकामागून एक जोड्या येतात. वीणा आणि वाजवणारा, विचार आणि शब्द, गुलाब आणि त्याचा वास, आई आणि मूल, तेल आणि ज्योत. एकही जोडी अशी नाही की जिच्यात एकानं दुसऱ्याला गिळलं. तेल नसेल तर ज्योत नाही, पण समईकडे बघून ज्योतीला कुणी तेल म्हणत नाही.

तमिळनाडूतले ख्रिस्ती विचारवंत ए. जे. अप्पासामी यांनी 1927 मध्ये भक्तिमार्ग म्हणूनच ख्रिस्ती धर्माची मांडणी केली. त्यांचाही भर यावरच होता की योहानाच्या शुभवर्तमानातलं ऐक्य प्रेमाचं आणि इच्छेचं आहे, जीव आणि देव एकच वस्तू होण्याचं नाही. त्यांना त्यासाठी अद्वैत मांडणाऱ्या शंकराचार्यांपेक्षा भक्तीवर भर देणारे रामानुज जवळचे वाटले.

थेंबाची उपमा मात्र आपल्याकडेही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे बर्नार्ड यांनी लिहिलं की देवप्रीतीत बुडालेला जीव म्हणजे द्राक्षारसात पडलेला पाण्याचा थेंब, विस्तवात लालबुंद झालेलं लोखंड. पण लगेच त्यांनी जोडलं की त्याचं मूळ द्रव्य राहतंच, रूप तेवढं बदलतं. तू कधी एखाद्या मैत्रिणीबरोबर वसईला मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलीस तर अर्पणाच्या वेळी फादरांच्या हाताकडे बघ. द्राक्षारसाच्या पेल्यात ते पाण्याचे एक-दोन थेंब टाकतात आणि हळूच एक प्रार्थना म्हणतात. जो आमच्या मानवपणात सहभागी झाला, त्याच्या देवपणात आम्ही सहभागी व्हावं, असा तिचा अर्थ. आपल्या मंडळीत हा विधी नाही. तरी मला तो बघायला आवडतो. थेंब टाकल्यावर तो वेगळा काढता येत नाही, यातला दिलासा मला ऐकू येतो. थेंब हरवला, हे दुःख नाही ऐकू येत.

दिराच्या बागेत आणखी एक गोष्ट शिकले. तिथं जमिनीत मूळ असतं डॉगरिजचं, जंगली जातीच्या खुंटाचं, आणि वर कलम थॉमसन जातीच्या द्राक्षाचं. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना लागला की ते जुळतं, पट्टी बांधून ठेवतात तोवर. मग पाणी, अन्न, सगळं त्या मुळातून वर येतं. दुष्काळात वेल तगतो तो मुळाच्या जोरावर. पण वर लागतं ते थॉमसनच. डॉगरिजच्या मुळावर आलं म्हणून कुणी त्याला दुसऱ्या नावानं विकत नाही. पौलानंही रोमकरांच्या अकराव्या अध्यायात कलमाचीच उपमा घेतलीय, जैतुनाची. फक्त तिथं उलटं आहे, मूळ चांगलं आणि वर लावलेली फांदी रानटी. असं सहसा कुणी करत नाही, हे त्यालाही माहीत असावं. निसर्गाला सोडून आहे, असं तो स्वतःच म्हणतो.

तू पप्पांना ओळखशील का, हा तुझा खरा प्रश्न. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं आहे, बरोबर ना? त्या पलीकडच्या दिवसाचा नकाशा माझ्याजवळ नाही. पण दमास्कसच्या रस्त्यावर जे झालं ते मला माहीत आहे. शौल, म्हणजेच पुढचा पौल, मंडळीच्या लोकांना धरायला निघाला होता. येशूला त्यानं हातही लावला नव्हता. आवाज आला तो असा: “शौला, शौला, माझा छळ का करतोस?” माझ्या माणसांचा, असं तो म्हणाला नाही. ज्याला फटका बसला त्याचं दुखणं त्याला स्वतःचं दुखणं म्हणून लागलं. पौलाला ‘ख्रिस्तामध्ये’ हा शब्द सुचला असेल तर तो तिथं सुचला असेल, असं मला कायम वाटतं. तुझे पप्पा ख्रिस्तामध्ये गेले आणि तू ख्रिस्तामध्ये आहेस. तुम्ही दोघं एकाच ठिकाणी आहात आणि दोघं आहात. याहून पुढचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण एवढं सांगू शकते.

आता कामाचं. साक्ष देऊ नकोस. “आत्ता माझ्याजवळ सांगण्यासारखं नाही” असं साध्या शब्दांत कळव, कारणं देत बसू नकोस. ग्रुपनं आग्रह केला तर 88 वं स्तोत्र वाचून दाखव आणि खाली बस. त्याचा शेवट अंधारात होतो, तिथं एकही उजेडाची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. उपासनेत गाता येत नसेल तर गप्प उभी राहा, शेजारची गाईल, तेही तुझंच गाणं आहे. प्रभुभोजनाला मात्र जा. तिथं काही वाटावंच लागत नाही, हात पुढे करावा लागतो. पाळकसाहेबांना एकदा एकटीनं भेटून हे सगळं सांग. आणि झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर रुग्णालयातल्याच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. दुसऱ्याला तू हाच सल्ला दिला असतास.

पप्पांचं शास्त्र उघडायची घाई नाही. ज्या दिवशी उघडशील त्या दिवशी तिकिटं जागची हलवू नकोस. ती कोणत्या पानांवर आहेत आणि कुठून कुठली आहेत, तेवढं मला कळव.